वानेत सेल घेते, उठत नाही

शुक्रवारी सकाळी वानेत उठली नाही आणि त्यामुळे मापारींचं अख्खं घर उठलं.

एरवी सौदीतल्या दम्मामात शुक्रवारची सकाळ झोपेसाठीच राखलेली असते. दुकानांची शटरं खाली, रस्ते मोकळे, आणि जुम्म्याच्या अजानीआधी डोळा उघडला तर अली स्वतःवरच चिडायचा. पण घरातले नारळ संपले होते आणि कतीफचा बाजार तेवढा उघडा असायचा, म्हणून अलीची बायको इस्मत खाली आली, गोदामासमोरच्या पिकअपमध्ये बसली आणि तिने चावी फिरवली. दिवे लागले, गाडीने सेल घेतली, खर्र खर्र खर्र झालं, आणि इंजिन काही उठेना. तिने पुन्हा मारली, पुन्हा तेच. तेवढ्यात वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली आणि तिच्या सासऱ्यांचा आवाज आला, "सेल मार गो, सेल मार!"

सेल्फ स्टार्टरमधला 'फ' कोकणातल्या ड्रायव्हर मंडळींनी कधीचाच गिळून टाकला आहे. तिचे सासरे मोहियुद्दीन मापारी, म्हणजे घरातले अब्बा, यांनीही तो आपल्या गावी हर्णैलाच सोडला होता. पिकअपला मात्र ते इथल्यासारखं वानेत म्हणत आणि गावच्या माणसांशी फोनवर बोलतानाही वानेतच म्हणत. गावच्या निम्म्या लोकांना ती म्हातारबुवांची कुणी दूरची नातेवाईक वाटायची.

तशी ती नात्यातलीच झाली होती म्हणा. अब्बा दर ईदला जाहीर करत, "ही शेवटची. आता मी हर्णैला जातो." दर ईदला सगळे "हो हो अब्बा" म्हणत शीरखुर्म्याची वाटी पुढे सरकवत. सासूबाई गेल्या त्या वर्षी अब्बांनी वाटी परत केली. खाली गेले, वानेतच्या बॉनेटवर हात ठेवला आणि साऱ्या घरादारासमोर म्हणाले, "ज्या दिवशी ही उठणार नाय, त्या दिवशी मी पण उठून गावाला जाणार. तोवर मला कुणी जा म्हणू नका, नि कुणी रहा पण म्हणू नका."

तेव्हापासून अब्बांचं कुणी ऐकत नव्हतं ते नव्हतंच, पण वानेतचं सगळे कान देऊन ऐकायला लागले. ती जरा खोकली की अलीचा चेहरा खुलायचा आणि शाहिदचा पडायचा.

अलीला अब्बा गावी जायला हवे होते. तसं तो कधी बोलला नाही. "अब्बांच्या गुडघ्यांना इथला एसी सोसत नाही," एवढंच म्हणायचा. गोदामाच्या किल्ल्या अब्बांच्या कमरेला होत्या आणि पन्नाशीला टेकलेल्या अलीला पाण्याच्या बाटल्यांचा खोका काढायलासुद्धा बापापुढे हात पसरावा लागत होता. गुडघ्यांचा त्यात फार भाग नव्हता.

धाकट्या शाहिदला अब्बा इथेच हवे होते. तोही "गावात चांगला डॉक्टर नाही" यापुढे जायचा नाही. त्याने हर्णैला बांधलेल्या बंगल्यात त्याचे सासूसासरे 'थोडे दिवस' राहायला आले होते आणि आता त्यांनी अंगणात चिकूची कलमं लावली होती. चिकू धरायला किती वर्षं लागतात याचा हिशेब केला तर हे थोडे दिवस बरेच होते.

इस्मतला काय हवं होतं हे कुणी विचारलं नव्हतं. बायकांना लायसन मिळायला लागलं तेव्हा अलीने तिच्यासाठी मोठी पांढरी गाडी घेतली होती. ती गाडी तो स्वतः चालवायचा. अब्बांनी मात्र सुनेला वानेतमध्ये बसवलं, कतीफच्या मासळीबाजारामागच्या मोकळ्या मैदानात नेलं आणि गाडीचे सगळे नखरे शिकवले. कफीलशी, म्हणजे इथल्या सौदी मालकाशी, बोलून तिला गाडी चालवायची परवानगीही तेच घेऊन आले. आता दर शुक्रवारी जुम्म्यानंतर ती कोळंबीचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या मागे टाकून कामगारांच्या कॅम्पवर जायची. खेड, दापोली, गुहागरकडची ती पोरं आठवडाभर त्या वासाची वाट पाहत. शेजारच्या सीटवर अब्बा असायचे आणि "आरसा बघ" याखेरीज एक शब्द बोलायचे नाहीत. आठवड्यातली एवढीच वेळ अशी होती, की गाडी कुठे वळवायची ते इस्मत ठरवत होती.

"मापारींची सून वानेत हाकते" हे अलीच्या घशाखाली उतरत नव्हतं. अब्बा होते म्हणून तो गप्प होता. अब्बा गेले की वानेत जाणार आणि वानेत गेली की शुक्रवार जाणार, हे इस्मतला स्वच्छ दिसत होतं. त्यामुळे इंजिन उठेना तरी ती चावी पुन्हा पुन्हा फिरवत राहिली.

---

अली लुंगीवरच खाली आला. त्याने बॉनेटवर हात फिरवला. आवाज मयतीला आल्यासारखा होता, पण डोळे सुट्टीच्या दिवसाचे होते.

"मी सांगत होतो ना, हिचं वय झालं."

"कुणी हात लावू नका!" शाहिद जिन्यातूनच ओरडला. तो रास अल खैरच्या प्लांटवर इंजिनिअर होता आणि सुट्टीला बायकोला घेऊन भावाकडे आला होता. "भाई, आधी सिस्टिमॅटिक जाऊया. आम्ही प्लांटवर पाच वेळा 'का' विचारतो. गाडी का सुरू होत नाही?"

"बिघडलीय म्हणून."

"का बिघडली?"

"जुनी आहे म्हणून."

"जुनी गाडी आपल्याकडे का आहे?"

"अब्बा विकत नाहीत म्हणून."

"का विकत नाहीत?"

इथे दोघे भाऊ थांबले. चौथ्या 'का'नेच प्रकरण घरात शिरलं होतं. पाचवा विचारायची दोघांपैकी एकाचीही छाती नव्हती.

तोवर बघे जमले. वरच्या मजल्यावरचा मल्याळी शेजारी म्हणाला बॅटरी. रस्त्याने जाणारा टॅक्सीवाला थांबून म्हणाला प्लग. हवा, पाणी, नजर, असं जे जे म्हणून गाडीला लागू शकतं ते सगळं लोकांनी सांगून झालं. शाहिदने मात्र नेटाने काम केलं. पांढऱ्या गाडीची बॅटरी केबलने जोडली, फ्यूज पाहिले, आणि शेवटी पेट्रोलच्या टाकीला कान लावून रस्त्यावर आडवा झाला.

"भाबी, चावी फिरवा. फक्त फिरवा, सेल नका मारू."

इस्मतने फिरवली.

"पंपाचा आवाज नाही," शाहिद कपडे झटकत उठला. "पेट्रोल इंजिनपर्यंत पोचतच नाहीये. पंप गेला."

पेट्रोल पोचत नव्हतं हे त्याचं अगदी बरोबर होतं.

"मग बदला की," इस्मत म्हणाली.

"आज शुक्रवार, भाबी. टाकी उतरवावी लागेल. उद्या होईल."

"उद्या?" अलीने लुंगी नीट खोचली. "उद्याचं काय सांगतोस? अब्बांचे शब्द काय होते? 'ज्या दिवशी उठणार नाही त्या दिवशी.' आज नाही उठली. खलास."

"भाई, बिघडणं वेगळं आणि बंद पडणं वेगळं. उद्या पंप बदलला की उठेल."

"त्यांनी पंपाचं नाव घेतलं होतं का? दिवसाचं घेतलं होतं."

"ती काही शपथ नव्हती. स्टेटमेंट होतं!"

दोघे भाऊ भर उन्हात कायद्याचा कीस पाडत बसले. वरून पुन्हा आवाज आला, "सेल मारा रे, सेल मारा!" तेव्हा इस्मतला एक गोष्ट खटकली. वानेतचा आरसा हलला तरी गुडघे धरत खाली येणारा हा माणूस आज खिडकीतून हलत नव्हता. पहाटे फजरच्या नमाजाला उतरलेच होते की! मग आत्ता काय झालं?

पण विचार करायला वेळ नव्हता. कोळंबी सोलायची होती, आणि आज कालवण नारळाशिवायच भागवायचं होतं.

---

स्वयंपाकघरात शाहिदची बायको सहर भाकरीच्या पिठाकडे लांबूनच सहानुभूतीने पाहत उभी होती. इस्मतची मुलगी मेहेक फोन घेऊन आत आली. ही अकरावीत, इंडियन स्कूलमध्ये, आणि आजोबांना दादा म्हणायची. मराठी तिला सगळी समजायची असं तिचं स्वतःचं मत होतं.

"मम्मा, दादा इज सो सॅड. सुबह से एक ही बात बोल रहे हैं. सेल मारो, सेल मारो."

"मग?"

"मग काय? ही वाँट्स टु सेल इट."

इस्मत फोडणीत होती. लसूण करपायच्या बेतात होता, कढईत कोळंबी पडली आणि त्या चुरचुराटात पोरीचं शेवटचं वाक्य विरून गेलं. सहरच्या कानांना मात्र फोडणी आड येत नसे. तिचा जन्म ठाण्याच्या फ्लॅटमधला, ड्रायव्हर लोकांची भाषा तिला कुठली ठाऊक! ती तशीच गॅलरीत गेली.

"शाहिद, अब्बा गाडी विकायला सांगतायत."

"कुणाला?"

"मेहेकला म्हणाले. सकाळपासून म्हणतायत."

शाहिदने ते अलीला सांगितलं. वर जाऊन बापाला विचारावं असं दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. मापारींच्या घरात थेट विचारण्याची पद्धत नव्हती. महत्त्वाचं बोलणं तिसऱ्याकडूनच आलं पाहिजे, तरच ते खरं. मेहेक तेवढी व्यवहाराची पोर. तिने गॅलरीतून वानेतचा छानसा फोटो काढला, आजोबांची इच्छा म्हणून जुन्या गाड्या विकायच्या ग्रुपवर टाकला, आणि खाली लिहिलं, 'लव्हिंग फॅमिली, वन ओनर.'

अली मात्र आनंदाने नुसता फुलला होता. तो स्वयंपाकघरात आला, इस्मतच्या पाठीमागेच उभा राहून त्याने कफीलला फोन लावला. अबू सौद म्हणजे ज्याच्या नावावर दुकान, गोदाम आणि वानेतही होती तो सौदी गृहस्थ. अली अरबीत अत्यंत दुःखी सुरात म्हणाला की वडील आता थकले, बहुतेक कायमचा खुरूज, म्हणजे देश सोडायची परवानगी, घेऊन मायदेशी जातील, आपण काळजी करू नये, दुकान मी सांभाळतो.

पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. इस्मतने वळून पाहिलं तर नवऱ्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, मोहियुद्दीनवर माझा भरवसा होता म्हणून मी कधी दुकानात फिरकलो नाही. तो जाणार असेल तर मीच येऊन बसतो." अलीने फोन उलटा करून पाहिला. "रोज. सकाळपासून. म्हणाला, रिटायर झाल्यापासून घरात करमतच नाही."

इस्मतने तोंड कढईकडे फिरवलं. हसू दाबताना तिच्या हातून मीठ दोनदा पडायचं राहिलं.

पुढचा तमाशा बघण्यासारखा होता. अली धावत खाली गेला. "शाहिद! तू बरोबर म्हणत होतास. बिघडणं वेगळं आणि बंद पडणं वेगळं. उद्या पंप बदलू. अब्बांना आत्ता हलवणं बरोबर नाही."

शाहिदच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं. पण अली पुढे म्हणाला, "आणि इथल्या जिन्याने त्यांचे गुडघे जातात ते वेगळंच. तुझ्याकडे लिफ्ट आहे. थोडे दिवस तुझ्याकडे राहू देत."

'थोडे दिवस' हे शब्द ऐकताच शाहिदच्या डोळ्यांपुढे चिकूची कलमं उभी राहिली. गॅलरीतून सहरने त्याच्याकडे एकदाच पाहिलं.

"भाई," तो हळूच म्हणाला, "मी पुन्हा विचार केला. पंप हे वरवरचं कारण आहे. मूळ कारण वय. गाडी डेड आहे. अब्बांच्या शब्दाचा मान ठेवला पाहिजे."

म्हणजे सकाळी जो जा म्हणत होता तो आता रहा म्हणत होता आणि रहा म्हणणारा जा. दोघांचं मतभेदाचं नातं मात्र शाबूत राहिलं.

---

जुम्मा झाला. पुरुष मशिदीतून परतले, अब्बाही त्यांच्याबरोबर होते. ते जिना चढणार तोच गल्लीत एक मोठा ट्रक शिरला, गाड्या पाठीवर उचलून नेणारा. त्याच्यातून पांढऱ्या दाढीचा, वाळवंटात शेळ्या राखणारा एक बद्दू म्हातारा उतरला. त्याने सलाम केला, आपलं नाव अबू नासिर असं सांगितलं आणि वानेतच्या दारावर मायेने थाप मारली.

"वल्लाह, अशा आता बनवत नाहीत. माझ्या शेळ्यांना हीच लागते. कुणी विकायला काढली?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग सगळ्यांनी मिळून मेहेककडे पाहिलं.

"व्हॉट?" ती म्हणाली. "दादांनीच सांगितलं. होल मॉर्निंग. सेल मार, सेल मार!"

मग पहिल्यांदा अब्बांच्या दाढीतून खुसखुस आली, आणि बघता बघता ते काठीवर रेलून असे हसले की अबू नासिरला वाटलं म्हाताऱ्याला दम लागला.

"अगो पोरी, सेल मार म्हणजे चावी फिरव! घर्र घर्र करतात ना, ता सेल! मी गाडी विकेन तर आधी तुझ्या बापाला विकेन. पण त्याला कोण घेणार?"

सकाळपासून तिथेच रेंगाळलेला टॅक्सीवाला हसला, शाहिद हसला, अलीसुद्धा नाइलाजाने हसला. मेहेक लाल होऊन म्हणाली, "देन से स्टार्ट ना!" अबू नासिरला अर्थ सांगितला तेव्हा तोही पोट धरून हसला. मग एवढ्या लांब आलोच आहोत तर चहा घेऊनच जाऊ, असं म्हणून गोदामाच्या पायरीवर बसला.

हसणं ओसरलं आणि मुद्दा जिथल्या तिथे उरला. गाडी उठली नव्हती.

"अब्बा, उद्या पंप बदलला की..." अलीने सुरुवात केली.

"अब्बा, आज तर उठली नाही ना..." शाहिदने त्याला आडवं घातलं.

अब्बांनी काठी उचलून दोघांना गप्प केलं. "तुम्ही दोघं हिला कधी चालवता का? नाय ना? मग तुमचा काय विचारायचा! हिला चालवते ती इस्मत. गो इस्मत, बस. शेवटची सेल मार, नि तूच सांग हिची उठायची इच्छा हाय का. तू म्हणशील ता खरा."

इस्मत पदराला हात पुसत पुढे आली. सगळ्यांच्या नजरा तिच्यावर होत्या. अलीने डोळ्यांनीच खुणावलं, 'उठेल म्हण.' शाहिदने त्याच्या खांद्यामागून मान हलवली, 'नको म्हणू.' सुनेला एवढं महत्त्व या घरात पूर्वी एकदाच आलं होतं, लग्नाच्या दिवशी.

ती सीटवर बसली. पांढऱ्या गाडीची केबल अजून जोडलेलीच होती. तिने क्लच दाबला, चावी फिरवली. खर्र खर्र खर्र. बाहेरून आवाज येत होते, अजून मार, दम धर, ॲक्सिलरेटर नको. ती वाकली आणि तिचा डावा हात आधारासाठी स्टीअरिंगखालच्या पत्र्यावर गेला.

तिथे एक चोर-स्विच होता.

मागे शेजारच्या गल्लीतून पिकअप चोरीला गेल्या होत्या तेव्हा अब्बांनी तो बसवून घेतला होता. तो खाली केला की पंपाची वीज तुटते, मग चोराने कितीही सेल मारली तरी गाडी उठत नाही. हे अब्बा आणि इस्मत या दोघांनाच माहीत होतं. मुलांनी गाडीबद्दल कधी काही विचारलंच नव्हतं. स्विच बसवला त्यानंतर त्याला कधी कुणी हात लावला नव्हता. तो सदा वर असायचा, इतका की इस्मत त्याला विसरूनही गेली होती.

आता तो खाली होता.

काल संध्याकाळी वानेत तिनेच उभी केली होती. त्यानंतर खाली फक्त एकच माणूस आला होता, फजरच्या वेळी, दुखरे गुडघे घेऊन.

तिने काचेतून पाहिलं. अली आणि शाहिद बॉनेटकडे बघत होते, अबू नासिर चहाकडे. अब्बा मात्र सरळ तिच्याकडे बघत होते. हसू गेलं होतं. परीक्षेच्या निकालाला उभ्या असलेल्या पोरासारखा त्यांचा चेहरा झाला होता, आणि त्यात फार थकवा होता. ही माणसं रोज त्यांच्या चेहऱ्यासमोर बसून जेवत होती आणि तो एकालाही दिसला नव्हता. तिलासुद्धा नाही.

बोट स्विचवर होतं. नुसतं वर करायचं होतं. गाडी उठली असती, अब्बा राहिले असते, शुक्रवार राहिला असता. कुणी तिला दोष दिला नसता, उलट अलीने मिठाई वाटली असती.

तिने बोट काढून घेतलं. अजून एकदा सेल मारली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, आणि चावी काढून खाली उतरली.

"नाही अब्बा," ती म्हणाली. "थकलीय ती. तिला आता कुणी उठवू नका."

अब्बांनी डोळे मिटले. "खलास," ते म्हणाले. "मी गावाला जातो."

---

या वेळी कुणी शीरखुर्म्याची वाटी पुढे केली नाही. गाडीने सांगितलं होतं ना!

"मग हिचं काय करायचं?" अलीने कपाळावरचा घाम पुसला. अबू नासिरने आशेने मान वर केली.

"बंद गाडी कुणाला पायजे?" अब्बा म्हणाले. "दारात आहे तशी राहू दे. चावी इस्मतकडे असू दे. मी अबू सौदशी बोलतो. चालेल ना तुम्हां दोघांना?"

"चालेल की!" अली उदारपणे म्हणाला. सुरू न होणारी गाडी बायकोला द्यायला त्याची कसलीच हरकत नव्हती.

"नो इश्यू," शाहिद म्हणाला.

त्या दिवशी कालवणाचं पातेलं अलीला आपल्या पांढऱ्या गाडीतून कॅम्पवर न्यावं लागलं. पहिल्याच वळणावर रस्सा मागच्या सीटवर सांडला. अलीने पुढे सगळे उपाय करून पाहिले, पण ती गाडी कोळंबीची झाली ती झालीच.

संध्याकाळी उन्हं उतरल्यावर अब्बा वानेतमध्ये जाऊन बसले, नेहमीच्या शेजारच्या सीटवर. इस्मत चहा घेऊन गेली आणि ड्रायव्हरच्या जागी बसली.

"कधी कळला तुला?" अब्बांनी विचारलं.

"बोट लागलं तेव्हा."

"मग वर का नाय केलास?"

"तुम्ही खाली केला होता म्हणून."

अब्बा बशीत चहा ओतत राहिले.

"सरळ सांगायचं होतं ना, अब्बा."

"कितींदा सांगितला गो. दर ईदला सांगितला. माझा कोण ऐकतो? म्हटला, गाडीला सांगू दे."

इस्मतला हसू आलं आणि त्याबरोबरच रडू फुटलं. "मला तुम्ही इथे हवे होतात," ती म्हणाली. "हे एकदा बोलते नि गप्प बसते. मी एकटी काय करू इथे?"

"माहीत हाय मला. म्हणून तर निकाल तुझ्याकडे दिला. तू रहा म्हणाली असतीस तर मी राहिलो असतो, आयेची शप्पत." त्यांनी बशी तिच्या हातात दिली आणि आरसा आपल्या बाजूला वळवून त्यात तिच्याकडे पाहिलं. "मी नसलो तरी आरसा बघत जा."

---

कागद व्हायचे ते झाले आणि अब्बा गेले. जाताना किल्ल्यांचा जुडगा त्यांनी अलीच्या हातात दिला. दुसऱ्याच सकाळी अबू सौद खुर्ची घेऊन दुकानात हजर झाला. अलीला आता खोका काढायला किल्ली मागावी लागत नव्हती, पण प्रत्येक खोक्यामागे कावा म्हणजे अरबी कॉफीचा एक पेला आणि अबू सौदच्या तरुणपणची एक हकिगत लागत होती. हर्णैहून पहिला फोटो आला तो शाहिदच्या बंगल्याचा. अंगणात तीन खुर्च्या होत्या, मधल्या खुर्चीत अब्बा, दोन बाजूंना व्याही आणि विहीण. अब्बांच्या हातात पाण्याची झारी होती आणि सोबत त्यांचा आवाज रेकॉर्ड होऊन आला होता, की कलमं छान लागलीत, मी थोडे दिवस इथेच राहतो.

फोटो आला त्याच आठवड्यात, शुक्रवारी जुम्म्यानंतर इस्मतने पातेलं उचललं आणि कुणाला हाक न मारता खाली नेलं. वानेतवर धूळ बसली होती. आदल्या दिवशी तिने बॅटरी काढून गल्लीच्या टोकाच्या दुकानात चार्ज करून आणली होती, पण ते कुणी पाहिलं नव्हतं. बंद गाडीकडे कोण बघतो?

शेजारच्या सीटवर तिने भाकऱ्यांचा डबा ठेवला. मग वाकून स्विच वर केला आणि चावी फिरवली.

एका सेलमध्ये उठली.

आवाजासरशी वरची खिडकी उघडली. सवयीने तिने मान वर केली, तर खिडकीत अली होता, तोंडाला फेस लावलेला, अर्धी दाढी झालेली. तो खालच्या धडधडत्या गाडीकडे आणि बायकोकडे आळीपाळीने बघत राहिला.

"चालू? कशी काय चालू झाली? तू काय केलंस?"

"सेल मारली," इस्मत म्हणाली.

मग तिने आरसा पाहिला. आरसा अजून अब्बांच्या बाजूला वळलेला होता. तिने तो आपल्यापुरता वळवला, डोळे पुसले आणि पहिला गियर टाकला.